सर्वांत चांगला आकडा

माझ्या हृदयातला मायट्रल व्हॉल्व्ह गळतो हे कळलं तेव्हा मला काहीही होत नव्हतं. भलत्याच कारणासाठी तपासायला गेले होते. डॉक्टरांनी छातीला स्टेथोस्कोप लावला, डाव्या कुशीवर वळायला सांगितलं, पुन्हा लावला आणि बराच वेळ काही बोलल्याच नाहीत. टू-डी एकोत उलगडा झाला. झडपेची मागची पाकळी धरून ठेवणाऱ्या बारीक दोऱ्यांपैकी एक तुटली होती. पाकळी उलटी फडकत होती आणि खालच्या कप्प्याने पुढे ढकललेल्या रक्तातला मोठा हिस्सा दर ठोक्याला वरच्या कप्प्यात परत जात होता.

"गळती तीव्र आहे, पण हृदय सध्या पेलतंय. सहा महिन्यांनी पुन्हा एको करू," डॉक्टर म्हणाल्या.

वाट पाहणं हाही उपचार असतो, हे पचायला मला वेळ लागला. त्यांनी दोन आकडे लक्षात ठेवायला सांगितले होते. इजेक्शन फ्रॅक्शन, म्हणजे खालच्या कप्प्यातल्या रक्तापैकी दर ठोक्याला बाहेर पडणारा हिस्सा, ६० टक्क्यांवर उतरलं, किंवा आकुंचन पावल्यावरही खालच्या कप्प्याचा व्यास ४० मिलिमीटरला पोचला, की त्रास नसला तरी ऑपरेशनचं बोलायचं. माझे होते ६६ आणि ३६. साठ टक्के ऐकून निर्धास्त होऊ नका, असंही त्या म्हणाल्या. एरवी तो आकडा उत्तम. पण गळक्या मायट्रलमध्ये हृदय रक्त बाहेर टाकतं त्यातलं बरंचसं मागच्या दाराने जातं, आणि ते दार ढकलायला जोर लागत नाही. त्यामुळे दमलेलं हृदयसुद्धा कागदावर पैलवान दिसतं.

मी शाळेत गणित शिकवते. सहा महिन्यांतून एकदा हाती येणाऱ्या आकड्यावर माझं भागेना. मधल्या दिवसांत मी नुसतीच स्वतःकडे संशयाने बघत असे. जिना चढताना धाप लागली ती वयाने की व्हॉल्व्हने? मुलीने माझी ही तगमग पाहिली आणि आपलं जुनं स्मार्टवॉच माझ्या मनगटावर बांधलं. त्यात नाडी, झोप, पावलं असं पुष्कळ काही होतं. मी अडकले ती एचआरव्ही, म्हणजे ठोक्यांमधल्या अंतराचे चढउतार, नावाच्या ओळीपाशी.

नाडी साठ म्हणजे दर ठोका बरोबर एका सेकंदाने पडतो, असं मी पन्नाशी ओलांडेपर्यंत धरून चालले होते. तसं नसतं. एक अंतर ९६० मिलिसेकंदांचं, पुढचं १०२०, त्यापुढचं ९९०. श्वास आत घेताना ठोके जवळ सरकतात, सोडताना लांबतात. कार्ल लुडविग यांनी १८४७ मध्ये आपल्या फिरत्या नळकांड्यावरच्या रेघेत हे पकडलं होतं. हृदयाचा नैसर्गिक पेसमेकर मोकळा सोडला तर तरुण माणसात तो मिनिटाला शंभरच्या आसपास ठोके देतो. व्हेगस नर्व्ह त्याचा लगाम धरून त्याला साठ-सत्तरवर आणते. हा लगाम ओढायला किंवा सैल करायला एखाद-दुसरा ठोका पुरतो. हृदयाला पळवणाऱ्या सिंपथेटिक नसांचं काम सावकाश: काही सेकंदांनी जोर धरणार आणि ओसरायलाही वेळ घेणार. म्हणून लागोपाठच्या दोन अंतरांमधला फरक हा मुख्यतः व्हेगसच्या हाताचा ठसा.

घड्याळ रात्री देत होतं त्या आकड्याचं नाव आरएमएसएसडी. नाव अवघड असलं तरी कृती शाळेतलीच: लागोपाठच्या अंतरांतले फरक काढा, त्यांचे वर्ग करा, वर्गांची सरासरी घ्या, वर्गमूळ काढा. उत्तर मिलिसेकंदांत. माझं उत्तर २६ ते ३१ च्या मध्ये घुटमळायचं.

मग मी वाचत सुटले, आणि अर्धवट वाचन काय करतं ते अनुभवलं. १९८७ मध्ये रॉबर्ट क्लायगर आणि सहकाऱ्यांनी हार्ट अटॅकनंतरच्या ८०८ रुग्णांचा अभ्यास छापला होता. ज्यांच्या ठोक्यांच्या अंतराचं प्रमाण विचलन ५० मिलिसेकंदांच्या खाली होतं, त्यांच्यात मृत्यूचा धोका १०० च्या वर असणाऱ्यांच्या ५.३ पट. मी माझा २८ त्या ५० च्या शेजारी मांडला आणि रात्रभर टक्क जागी राहिले. सकाळी डोकं ताळ्यावर आलं. तो आकडा चोवीस तासांच्या ईसीजीचा, माझा रात्रीच्या झोपेतला. तो एसडीएनएन, म्हणजे सगळ्या अंतरांचं प्रमाण विचलन, माझा आरएमएसएसडी. ते लोक हार्ट अटॅकमधून उठलेले, मी नाही. लांबीतून वजन वजा करणाऱ्या पोराला मी वर्गात जे म्हटलं असतं, ते स्वतःलाच म्हटलं.

पण माझ्या दुखण्यावरही काम झालेलं होतं. मायट्रलच्या तीव्र गळतीच्या रुग्णांवरचा एक अभ्यास १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला होता. चोवीस तासांच्या नोंदीत चढउतार जितके कमी, तितकी पुढे ऑपरेशनची आणि एट्रियल फिब्रिलेशनची, म्हणजे वरच्या कप्प्याचा ताल बिघडण्याची, शक्यता जास्त, असा त्याचा रोख. व्हॉल्व्हचा नसांशी काय संबंध, हा प्रश्न मला तेव्हा पडला, आणि उत्तर शोधताना आपल्या आत किती पहारेकरी बसवलेत ते कळलं. मानेतल्या रोहिणीत आणि महारोहिणीच्या कमानीत रक्ताचा दाब जोखणारी टोकं असतात. वरच्या कप्प्याच्या भिंतीत ताण जोखणारी वेगळी. रक्त मागे फिरू लागलं की पुढे जाणारं कमी पडतं आणि वरचा कप्पा फुगत जातो. दोन्हीकडच्या बातम्या मेंदूच्या तळाशी पोचतात. तिथून हळूहळू लगाम सैल होतो, चाबूक हातात येतो. नाडी थोडी वाढते, चढउतार बोथट होतात. हे सगळं धाप लागण्याच्या बरंच आधी सुरू होऊ शकतं. मला हवा होता तो निरोप्या हाच, असं मी ठरवून टाकलं.

त्याच सुमारास डॉक्टरांनी विचारलं, शरीरक्रियाशास्त्र विभागात व्हॉल्व्हच्या रुग्णांच्या स्वायत्त चेतासंस्थेच्या चाचण्या चालल्या आहेत, जाल का? मी एका पायावर तयार झाले. कॉफी नाही, पोट हलकं, आणि अर्धा तास नुसतं पडून राहायचं.

खोली थंड आणि शांत होती. छातीला ईसीजीचे इलेक्ट्रोड, दंडाला रक्तदाबाचा पट्टा, आणि दर ठोक्याचा दाब टिपणारा दुसरा छोटा पट्टा बोटाला. चाचण्या घेणारा मुलगा माझ्या जुन्या विद्यार्थ्यांच्या वयाचा. आधी पाच मिनिटं न बोलता, न हलता नोंद. मग दीर्घ श्वास: पाच सेकंद आत, पाच सेकंद बाहेर, मिनिटाला सहा. पडद्यावर माझी नाडी लाटेसारखी वरखाली होताना मला दिसत होती. श्वास आत घेताना सर्वांत जास्त आणि सोडताना सर्वांत कमी, यांतला फरक १५ किंवा जास्त असला तर उत्तम, १० किंवा कमी असला तर बिघाड. माझा आला १२. आयुष्यभर पोरांना काठावर पास करत आले, आता तो शेरा माझ्या वाट्याला.

मग मुठीत दाबायचं यंत्र. आपल्या पूर्ण ताकदीच्या ३० टक्के जोर, तोही पाच मिनिटं टिकवायचा. ऐकायला किरकोळ वाटतं. तिसऱ्या मिनिटाला हात लाकडासारखा झाला. खालचा रक्तदाब किती चढतो ते यात बघतात. मग झटकन उभं राहायचं, आणि पंधराव्या व तिसाव्या ठोक्याजवळची अंतरं ताडून बघायची.

सर्वांत रंगली ती वल्साल्वा चाचणी. नळीत फुंकून काटा ४० वर न्यायचा आणि १५ सेकंद तिथेच धरायचा. शिक्षकाच्या फुप्फुसांना हे जड नाही, पण सातव्या सेकंदानंतर कानात भुंगे फिरू लागले. सोडल्यावर नाडी एकदम खाली यायला हवी. नंतरचं सर्वांत लांब अंतर आणि जोर लावतानाचं सर्वांत आखूड अंतर यांचं गुणोत्तर १.२१ किंवा वर असलं की ठीक. माझं १.१४.

"म्हणजे नसा बिघडल्या?" मी विचारलं.

"नक्की नाही सांगता येत, मॅडम," तो म्हणाला, आणि त्याने रक्तदाबाची रेघ माझ्याकडे वळवली. "फुंकताना छातीत दाब वाढतो, हृदयाकडे परतणारं रक्त अडतं, दाब पडायला हवा. तो पडला की नसा धावून येतात. पण गळक्या व्हॉल्व्हमागे फुप्फुसांत रक्त साठलेलं असतं. फुंकताना तेच हृदयाला पुरत राहतं. मग दाब हवा तितका पडत नाही. बोलावणंच गेलं नाही तर नसा येणार कशा?"

किती साधी गोष्ट. प्रश्नच नीट विचारला गेला नाही, आणि मी उत्तराला मार्क देत बसले होते. शेजारच्या खाटेवरच्या आजोबांचा महारोहिणीचा व्हॉल्व्ह अरुंद झालेला होता. त्यांना फुंकायला लावलंच नाही. तिथे वाटच निरुंद, त्यात परतणारं रक्त अडवलं तर माणूस चक्कर येऊन पडायचा.

नंतर तो पाच मिनिटांची नोंद घेऊन बसला. मी सहज वाकून पाहिलं. तो एकेक ठोका तपासत होता. मध्येच एखादा ठोका चुकार, वेळेआधी पडलेला, रुंद. तो त्यावर खूण करून बाजूला काढायचा.

"हा का काढला?"

"हा वरच्या पेसमेकरचा नाही. खालच्या कप्प्याने परस्पर दिलाय. एसडीएनएनमधल्या शेवटच्या दोन एनचा अर्थ नॉर्मल ते नॉर्मल. १९९६ मध्ये युरोप आणि अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी मिळून नियम लिहिले, त्यात हे स्पष्ट आहे. असे दोन-चार आत राहिले तर आकडा उगाच फुगतो."

मी मान डोलावली. हे मला समजलं असं वाटलं.

घरी त्यांनी दिलेला कागद वाचताना एका ओळीवर मी थबकले. एलएफ आणि एचएफ यांचं गुणोत्तर म्हणजे सिंपथेटिक आणि पॅरासिंपथेटिक (व्हेगसची बाजू) यांचा तोल, असं घड्याळाच्या माहितीत सरसकट लिहिलेलं असतं. एलएफ म्हणजे ०.०४ ते ०.१५ हर्ट्झचे चढउतार, एचएफ म्हणजे ०.१५ ते ०.४० चे. आता मिनिटाला सहा श्वास घेतले तर वारंवारता किती? साठ भागिले सहा, म्हणजे दहा सेकंदांना एक, म्हणजे ०.१ हर्ट्झ. ती पडली एलएफमध्ये. म्हणजे मी शांतपणे, डोळे मिटून संथ श्वास घेत बसले, तर 'ताणाचा' आकडा वाढणार! हे गणित सातवीतल्या मुलालाही जमेल. त्या गुणोत्तरावरचा माझा विश्वास त्या संध्याकाळी उडाला तो उडालाच.

आरएमएसएसडीवरचा मात्र टिकून होता. रोज सकाळी डोळे उघडले की आधी मनगट. २९ आला तर दिवस बरा, २५ आला तर मी जपून चालायची. मुलगी म्हणायची, "आई, तू देवाला नमस्कार करावा तशी त्या घड्याळाकडे बघतेस."

आणि एका सकाळी ११८ आला.

मी दोनदा पाहिला. एकशे अठरा. आदल्या रात्री मी लवकर झोपले होते, आठवडाभर संथ श्वासांचा सराव केला होता. माझ्या डोक्याने क्षणात कार्यकारणभाव जुळवून टाकला. मुलीला हाक मारून दाखवला. तीही खूश झाली. छातीत काहीतरी पाखरासारखं फडफडत होतं, ते मी आनंदाच्या खात्यावर टाकलं.

शाळेच्या दुसऱ्या मजल्याच्या वळणावर मला थांबावं लागलं. कठड्याला धरून मी नाडी बघितली: घड्याळावर नाही, बोटांनी. दोन ठोके भराभर, मग मोकळी जागा, मग एक पुसट, तीन घाईने, पुन्हा मोकळी जागा. काहीही कशालाही जुळत नव्हतं.

त्या दुपारी डॉक्टरांनी ईसीजीची पट्टी टेबलावर पसरली. एका कोऱ्या कागदाची कड तिच्यावर ठेवली, दोन ठोक्यांच्या टोकांशी पेन्सिलीने खुणा केल्या आणि कागद पुढे सरकवला. खुणा पुढच्या दोन ठोक्यांवर बसल्या नाहीत. आणखी पुढे सरकवला. तिथेही नाही. पट्टी संपेपर्यंत कुठेच नाही. ठोक्यांच्या आधी दिसायला हवी ती छोटी पी लहर गायब, आणि रेघ नुसती थरथरत होती.

"एट्रियल फिब्रिलेशन," त्या म्हणाल्या.

फुगलेला वरचा कप्पा आता आकुंचन पावत नव्हता, वळवळत होता. मिनिटाला तीनशेच्या वर उलटसुलट इशारे, आणि त्यातले मधल्या नाक्यातून जे निसटतील तेवढे खाली. पेसमेकरला तिथे कोणी विचारतच नाही, मग व्हेगस लगाम ओढणार कोणाचा? माझ्या घड्याळाने इमानेइतबारे फरक काढले, वर्ग केले, सरासरी घेतली, वर्गमूळ काढलं. गणित अचूक होतं. वर्ग केल्याने मोठे फरक आणखी माजले होते, एवढंच.

दरवर्षी मी वर्गात एक उदाहरण देते. तीस मुलांच्या उंचीच्या यादीत एकाने १५० च्या जागी १५ लिहिलं, तर प्रमाण विचलनाचं काय होईल? आणि मग दरडावते, की सूत्र लावण्याआधी यादी डोळ्यांखालून घाला. माझी स्वतःची यादी मी सात महिन्यांत एकदाही पाहिली नव्हती. ती घड्याळात होतीच. नाडीचा रात्रीचा आलेख उघडला असता तर पहाटे दोननंतर रेघेची उडालेली दाणादाण मला दिसली असती. मला राग आला तो आजाराचा नाही, त्या खुशीचा. माझी सर्वांत वाईट रात्र मी सकाळी उठून साजरी केली होती.

पुढचं झपाट्याने झालं. रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या सुरू झाल्या, कारण वळवळत्या कप्प्यात रक्ताची गुठळी होऊ शकते. नव्या एकोत व्यास ३९. चाळीस अजून गाठला नव्हता, पण फिब्रिलेशन सुरू होणं हेही ऑपरेशनचं कारण धरतात. एचआरव्हीचा उल्लेख त्या चर्चेत कोणीच केला नाही. मीही नाही.

ऑपरेशनचे तास माझ्या हिशेबात नाहीत. नंतर सांगितलं ते असं: पाकळी दुरुस्त झाली, तुटलेल्या दोरीच्या जागी कृत्रिम धागे आले, झडपेच्या परिघाला कडं बसवलं. त्याच वेळी वरच्या कप्प्यात फुप्फुसांकडून येणाऱ्या शिरांभोवती डाग देऊन फिब्रिलेशनची वाट अडवली.

दोन आठवड्यांनी, नको नको म्हणत, मी घड्याळ बांधलं. नाडी ९४. आरएमएसएसडी ७.

सात! यावेळी आधी आलेख पाहिला. ठोके रांगेत, सैनिकांसारखे, एकाच अंतरावर. फिब्रिलेशन नव्हतं. हे खरंच सात होतं. फॉलोअपला विचारलं तेव्हा सर्जन हसले. हृदयाला येणाऱ्या व्हेगसच्या बारीक गाठी नेमक्या त्या शिरांच्या मुळाशी असतात, आणि तिथेच आम्ही डाग दिलेत, म्हणाले. त्यात हृदय थांबवणं, हाताळणं, छातीची जखम, रक्तक्षय. काही महिने नाडी वर आणि चढउतार कमी राहणारच. पुढे बरंचसं परत येतं, कधी पूर्ण येत नाही.

म्हणजे फिब्रिलेशनमध्ये ११८, आणि व्हॉल्व्ह दुरुस्त झाल्यावर ७. नुसत्या आकड्यांवर निकाल लावला असता तर ऑपरेशन नापास.

सहा महिन्यांनी १६ झाला. मी घड्याळ अजून वापरते, पण सकाळी उठल्याउठल्या नाही.

वर्षभराने त्याच थंड खोलीत पुन्हा बोलावलं. मुलगा तोच होता, आता त्याला दाढी आली होती. पाच मिनिटांची नोंद झाली आणि तो हिशेबाचं बटण दाबणार, तोच मी म्हटलं, "थांब. आधी पट्टी दाखव."

आम्ही दोघं मिळून तीनशेच्या वर ठोके बघितले. दोन चुकार निघाले, ते त्याने काढले. चौथ्या मिनिटात एका जागी ठोके अचानक जवळ आले होते आणि मग लांब पसरले होते. माझं बोट तिथे गेलं.

"हा पण काढ."

त्याने ती जागा मोठी करून पाहिली, खालची श्वासाची रेघ तपासली. "नाही मॅडम, पी लहर आहे, सगळं जागेवर आहे. इथे तुम्ही उसासा टाकलाय."

ते ठोके त्याने राहू दिले. आकडा २१ आला. एको पुढच्या आठवड्यात आहे.